पुसलेले पाय

नवा कॉम्प्युटर आला त्याच दुपारी भाच्याने जुना पुसून कोरा केला, आणि मग क्लाउडवरचा बॅकअप नीट आहे का ते बघायला बसला. आधी शिडी काढून ठेवायची आणि मग माळ्यावर कोणी आहे का विचारायचं, असा हा प्रकार. दोष अगदी त्याच्या एकट्याचा नव्हता. जुन्याचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि ‘ते धूड आधी हलव’ असा मामाने लकडा लावला होता. पण पुसण्याचं बटण दाबणारं बोट भाच्याचंच होतं.

मामा बूट करायचा. दुकानात जोडीने टांगलेले असतात तसले नाही. ज्यांच्या दोन पायांचं आपसात पटत नाही, अशांचे. कोणाचा डावा आखूड, कोणाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलेला, कोणाची टाच जन्मात जमिनीला टेकलेली नाही. गिऱ्हाइकाने काचेच्या पेटीवर पाय ठेवायचा, पेटी त्याचं माप फायलीत उतरवायची, आणि त्या फायलीवरून मागच्या खोलीतलं मशीन पायाचा लाकडी साचा कोरायचं. एकदा माप दिलं की पुन्हा यायला नको. बूट झिजले की नुसता फोन करायचा. यातल्या निम्म्यांना पुन्हा येणं शक्यही नव्हतं. पलंग ते खुर्ची, खुर्ची ते दार एवढाच त्यांचा प्रवास, तोही मामाच्या बुटांच्या भरवशावर. तेव्हा त्या फायली म्हणजेच दुकान. त्या वजा केल्या तर चार भिंती, सरसाचा वास आणि एक रागीट मांजर उरलं असतं.

फायलींना नावं मामाच ठेवायचा. ‘बदक मास्तर’, ‘डोंगर’, ‘तिरपी वहिनी’. आणि त्याचा एक नियम होता. माणूस गेल्याचं कळलं की त्या संध्याकाळी तो त्याची फाइल पुसायचा. “पाय सुटले, आता माप कशाला अडकवून ठेवायचं,” म्हणायचा. एरवी एकही फाइल कधी पुसायची नाही. हा नियम भाच्याला लहानपणापासून पाठ होता.

भाच्याने बॅकअप उघडला. पडद्यावर पांढरं पान आलं. मधोमध एक ओळ : एकही फाइल नाही.

“काय म्हणतोय?” मामाने विचारलं.

“विचार करतोय.”

“कोण? तो का तू?”

भाच्याने पडद्याकडे नुसतं बोट दाखवलं. मामाने हातातली आरी खाली ठेवली.

“वॉकरवाल्या बाईचा फोन येईल उद्या,” तो हळूच म्हणाला. “काय सांगू तिला? आमचा भाचा फार शिकलाय म्हणून?”

मग भाच्याच्या लक्षात आलं की घाईत आपण आपल्याच खात्यातून आत शिरलोय. बॅकअप मामाच्या खात्यात होता.

“पासवर्ड काय तुझा?”

“मांजराचं नाव.”

“मांजराला नाव कुठेय?”

“नाहीच. म्हणून तर कोणाला सापडत नाही. ‘नाव नाही’ असं लिही.”

खातं उघडलं, आणि फायलींची रांग पडद्याबाहेर गेली. भाच्याला हायसं वाटलं. पण एकदा पोळलेला माणूस. पुढे जे जे विचारलं त्या सगळ्याला तो हो म्हणत सुटला. ‘पुसलेल्या फायलीही आणायच्या का?’ यालाही हो. निळी पट्टी सरकायला लागली. मामा खांद्यावरून वाकून नावं वाचत होता. वाचता वाचता तो ताठ झाला.

“बदक मास्तर इथे कसा?”

“का?”

“त्याला मी स्वतः पोचवून आलोय.”

पाठोपाठ ‘डोंगर’ आला. मग ‘तिरपी वहिनी’. मामा गिऱ्हाइकांच्या स्टुलावर मटकन बसला. भाच्याने समजावलं, की कॉम्प्युटरवरून फाइल पुसली तरी बॅकअपमधली पुसली जात नाही, असं हे खातं आहे.

“म्हणजे इतकी वर्षं मी इथे पुसत होतो, आणि वरचा सगळ्यांना सांभाळून होता?”

“वरचा म्हणजे क्लाउड, मामा.”

“मी तरी दुसरं काय म्हणतोय?”

आता गेलेले आणि असलेले एकाच फोल्डरात दाटीवाटीने बसले होते. पण खात्याच्या यादीत पुसलेली नावं फिकी दिसत होती, ते एक बरं. भाचा फिकं नाव वाचायचा, मामा “गेला” म्हणायचा, भाचा पुसायचा. असं चांगलं चाललं होतं. आणि भाच्याने पुढचं नाव वाचलं.

“ताई.”

मामाला ताई एकच. भाच्याची आई. जिने आज सकाळीच, गॅस बंद न करता गेलास म्हणून, भाच्याला फोनवर सोलून काढलं होतं.

भाच्याने डोळे चोळून पाहिलं. नाव फिकंच होतं.

“मामा, आई फिकी का?”

मामा दोऱ्याला मेण लावायला लागला. त्या दोऱ्याला मघाशीच मेण लावून झालं होतं.

“आई घरी आहे, मामा.”

“माहितीये मला.”

“मग कधी गेली ती?”

“बाजारातल्या तयार चपला घालून माझ्या दारात उभी राहिली, त्या दिवशी.”

बहीण-भावाचं बोलणं बंद होतं, हे भाच्याला ठाऊक होतं. मामा विचारायचा, “तुझी आई वेळेवर जेवते का?” आई विचारायची, “तो खोकतोय का अजून?” निरोप्या भाचा. ही नेहमीची भावंडांची धुसफूस, असं तो धरून चालला होता. मामाने तिला मेलेल्यांत बसवलंय, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

“तिने किती वेळा बूट मागितले तुझ्याकडे? टाच दुखते, एक जोड करून दे म्हणून?”

“गिऱ्हाइकं होती. घरचं माणूस थांबतं.”

“थांबली की. थांबून थांबून बाजारात गेली.”

मामाने दोरा बाजूला ठेवला. मग म्हणाला, “रागाच्या भरात पुसली. दुसऱ्या दिवशी परत आणायला बसलो, तर जमेना.”

“मला सांगायचं होतंस.”

“काय सांगू? तुझी आई पुसली गेलीये, जरा काढून दे?”

सवयीने भाच्याचं बोट बटणाकडे गेलं.

“ती पुसू नकोस,” मामा घाईने म्हणाला. स्टूल पुढे ओढून त्याने स्वतः फाइल उघडली. डाव्या टाचेपाशी बोट नेऊन तो पडद्यालाच म्हणाला, “अगं, हे तर फार दुखत असेल.” आणि भाच्याकडे न बघता, “साचा कोरायला लाव.”

मागच्या खोलीत मशीन सुरू झालं. भाच्याने आईला फोन केला. ती पुसली गेली होती, तेवढं सोडून सगळं सांगितलं.

“साचा कोरतोय म्हणे,” आई म्हणाली. “तो घालून चालू का मी?”

त्याला आता कित्येक महिने झाले. ‘ताई’ लिहिलेला साचा फळीवर आहे, आणि रांगेत त्याच्यापुढे वॉकरवाली बाई आहे, आणखी कोण कोण आहे. मामा म्हणतो, पुढच्या आठवड्यात. आई अजून बाजारातल्याच चपला घालते. त्या कुठून घेतल्या असं कोणी विचारलंच, तर तोऱ्यात सांगते, “या तात्पुरत्या आहेत. माझे बूट भावाकडे होतायत.”