शहनाजची एक जून

लातूरच्या बसस्टँडवर मुंबईची गाडी लागली तेव्हा अण्णांनी माझी बॅग कुणाला उचलू दिली नाही. स्वतः आत चढवली, सीटखाली सरकवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथं खोली घेताना आधी भिंत बघ. दगडाची असली तर राहू नको." निरोपाला एवढंच. भूकंपात आमचं गाव गेलं, त्यात आई घरातल्या भिंतीखाली सापडली. अण्णा त्या रात्री रानात झोपले होते म्हणून वाचले. नंतर सरकारनं नवं गाव वसवलं, सरळ ओळींत सारखी घरं बांधली. अण्णा कधीकधी दुसऱ्याच्याच दारात जाऊन उभे राहायचे आणि ओशाळून परत फिरायचे.

माझ्या शेजारच्या सीटवर शहनाज होती. औशाची, माझ्याबरोबर लातूरच्या दवाखान्यात नर्स. भूकंपानंतरचे ते दिवस आम्ही एकाच वॉर्डात काढले होते, त्यामुळे मैत्री वगैरे शब्द आम्हाला फारच नाजूक वाटायचे. इंग्लंडला नर्सेस घेताहेत हे तिनंच कळवलं, माझा अर्जही तिनंच भरला. तिचा भाऊ खाली उभा राहून रडत होता आणि ही आत लगेजच्या भाड्यावरून कंडक्टरशी भांडत होती.

इंग्लंडमधला पहिला एक जून मला अजून आठवतो. दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी म्हणून वॉर्डात केक कापला, गाणं झालं. पुढच्या वर्षी आणखी दोघी आल्या, एक लोह्याची, एक नांदेडची. त्यांचीही एक जून! मेट्रननं मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. तिला वाटलं, आमची कागदपत्रं एकाच छापखान्यात तयार झालीत. मी तिला समजावलं, बाई, आमच्याकडे शाळेत नाव घालताना आईबाप तारीख सांगत नसत. पोळ्याच्या आसपास झाली, विहीर खणली त्या साली झाली, असं सांगत. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. तिला पटलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या वर्षी तिनं केक मोठा आणला.

तिची आई फार थकली म्हणून शहनाज परत गेली. माझा नवरा आणि मुलगा तोवर इकडे आले होते, मी राहिले. ती गेल्यावर मला या गावात करमेनासं झालं आणि सुट्टीला लातूरला गेले तर तिथेही करमेना. जिकडे तिकडे कोचिंगच्या पाट्या, चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या मुलांचे फोटो. आमच्या जुन्या खोलीच्या जागी मुलींचं हॉस्टेल झालेलं. रिक्षावाल्यानं मला विचारलं, "मावशी, लेकरू कोणत्या क्लासला हाय?" मी म्हटलं, मी इथलीच आहे. त्यानं भाडं मात्र बाहेरच्यासारखंच घेतलं.

मग शहनाजच्या किडन्या गेल्या. आई वारली होती, लग्न तिनं केलं नव्हतं. औशात तिनं स्वतःच्या कमाईनं दोन खोल्या बांधल्या होत्या. आता आठवड्यातून दोनदा गाडी करून लातूरला डायलिसिसला जायचं, घरी एक बाई ठेवायची, हे कशावर चालायचं? तिच्या मनात एकच हिशोब होता: इंग्लंडची पेन्शन सुरू झाली की झालं. तोवर भाचा तिला नांदेडला घेऊन गेला. भाचा भला माणूस, क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पण घरी सकाळपासून मुलांच्या बॅचेस, हिची कॉट हॉलच्या कोपऱ्यात. ती फोनवर म्हणायची, "मंगल, मला न्यूटनचे तिन्ही नियम पाठ झाले. आता मला घरी जाऊ दे."

मी कामाला लागले. तिची इथली शेवटची काही वर्षं पेन्शनच्या नोंदीत दिसतच नव्हती. ती ज्या वृद्धाश्रमात नोकरीला होती तो बंद पडलेला. मी बस बदलत तिथे गेले तर त्या जागी फ्लॅट झालेले. तिच्याबरोबरच्या एका बाईला शोधलं, तिच्याकडून मालक कोण झाला ते कळलं, आणि बऱ्याच फोननंतर वर्षं जुळली. मी आनंदानं नांदेडला फोन केला. आणि मग पेन्शन ऑफिसमधल्या मुलानं गोड आवाजात सांगितलं, सगळं ठीक आहे, फक्त बाईंचं वय अजून झालेलं नाही.

खरं तर शहनाज माझ्याहून काही महिन्यांनी मोठी. माझी पेन्शन नुकतीच सुरू झाली होती, तिची नाही. तिच्या मास्तरांनी एक जून टाकताना वयातून तीन वर्षंही उडवली होती. मी चवताळले. औशाला जाते, नगरपालिका पालथी घालते, प्रतिज्ञापत्र करू, तुझ्या मोठ्या बहिणीचा दाखला काढू, तारीख दुरुस्त करून घेऊ. तिची तब्येत मला दिसत होती. तीन वर्षं तिच्याकडे आहेत का, हे मी नर्स असून स्वतःला विचारत नव्हते.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "न्हाई करायचं." मी ओरडले. तेव्हा तिनं सांगितलं, अब्बांनी तिला शाळेत नेलं तेव्हा ती नऊ वर्षांची घोडी होती. एवढी मोठी पोरगी पहिलीत बसवली तर लोक हसतील म्हणून अब्बा उठून निघाले होते. मास्तरांनी हाक मारून बसवलं आणि म्हणाले, सहा लिहितो. "ते खोटं लिहिलं म्हणून मी शिकले गं. न्हाईतर औशातच बिड्या वळल्या असत्या. आता त्याच माणसाला मी खोटं पाडू? तीन वर्षं त्यांनी दिली, ती मी परत करून राहिले समज."

"मग पैसे मी पाठवते," मी म्हटलं.

"औषधापुरते तुझे पैसे घेईन. पण तुझ्या पैशावर राहिले तर ते घर माझं कसं?"

मला तिचा भयंकर राग आला. आजही येतो. ती तीन वर्षं मी कशी काढली सांगता येणार नाही. मुलगा म्हणायचा, आई, जरा एका जागी बस. मी बसायचे आणि पुन्हा उठायचे. तिकीट काढायचे, रद्द करायचे, पुन्हा काढायचे. नांदेडला गेले की ती मला हसायची आणि परत आले की इथली थंडी सहन व्हायची नाही.

कागदावरची शहनाज शेवटी म्हातारी झाली. पेन्शन मंजूर झाल्याचं मीच तिला कळवलं. तिनं फोन भाच्याकडे दिला. भाचा म्हणाला, "आत्या बॅग भरून राहिली."

चार दिवसांनी तिचा फोन आला. आवाज दमलेला, पण पाठीमागे कुठल्या बॅचचा गलका नव्हता. कुणी बाई अंगणात पाणी मारत होती, ही तिला पलीकडून सूचना देत होती आणि मधेच माझ्याशी बोलत होती.

"घरी हाय बघ मी," ती म्हणाली. "तू कुठं हायस?"

मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी होते. चोवीस वर्षं झाली या देशात, विटांच्या भिंती, सगळे हप्ते फिटलेले. तरी माझ्या तोंडून आलं, "इंग्लंडला."