बायकोचा गुडघा आणि माझी सेवा

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. "इथं दोन हाडांच्या मध्ये फट दिसायला पाहिजे होती. ती राहिलीच नाही. हाडावर हाड घासतंय." आजाराचं नाव त्यांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस सांगितलं. म्हणजे सांध्यातली गुळगुळीत गादी झिजून जाणं.

"किती दिवसांपासून दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्सं झाली असतील," माझी बायको शकुंतला म्हणाली.

मी तिच्याकडं बघतच राहिलो. मला दोन वर्षांचं माहीत होतं. बाकीची चार वर्षं ती माझ्याच घरात लंगडत होती आणि मी पाहिलं नव्हतं.

आम्ही कंधारचे. मी कृषी सहायक म्हणून नोकरी केली. गावोगाव फिरून लोकांच्या पिकाची चौकशी करायचो, आणि आमचं स्वतःचं चार एकर रान ही एकटी बघायची. घर, म्हैस, मुलीची शाळा, सगळं तिच्याकडं. मी दमून यायचो आणि गरम भाकरी समोर यायची. ती दमते का, हे कधी विचारलं नाही. त्या दिवशी नांदेडच्या त्या दवाखान्यात मला फार लाज वाटली.

डॉक्टरांनी टोटल नी रिप्लेसमेंट सुचवलं. नाव ऐकून वाटतं, अख्खा गुडघा काढतात. तसं नसतं. हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती घालतात. दोन्ही गुडघे खराब होते, पण आधी उजवा करायचं ठरलं.

"ऑपरेशन माझं काम आहे," डॉक्टर म्हणाले. "पण नंतर चालणं, वाकवणं तुमचं. आजपासूनच मांडीचे व्यायाम सुरू करा."

शकुंतला हसली. "सायेब, जन्मभर चालूनच तर गुडघे गेले. आता अजून चालू?"

मलाही तिचं पटलं. आम्ही व्यायाम केले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करतात, त्याला स्पायनल अनेस्थेशिया म्हणतात. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम आल्या. वयानं आमच्या मुलीएवढ्याच. त्यांनी वॉकर समोर ठेवून शकुंतलाला उभं केलं. ती कळवळली. चौथ्या पावलाला मी म्हणालो, "राहू द्या मॅडम. उद्या बघू."

पाचव्या दिवशी घरी आलो आणि मी मनाशी ठरवलं, आता हिला काडी उचलू द्यायची नाही.

सकाळी ब्रश तोंडात, चहा हातात. कमोडची खुर्ची पलंगाला लावून. जेवणाचं ताट मांडीवर. गुडघा दुखला की त्याखाली मऊ उशी. साठी उलटल्यावर मी वरणाला फोडणी द्यायला शिकलो. गल्लीतल्या बायका येऊन म्हणायच्या, "नवरा असावा तर असा." खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला लई बरं वाटायचं.

शकुंतलाच्या मनातही एक भीती बसली होती. "नवा सांधा हाय. वापरला की झिजंल. जपूनच ठिवावा." व्यायामाचा कागद कपाटात पडून होता. फिजिओथेरपिस्ट मॅडमचा फोन आला की मी म्हणायचो, "हाव, करायली की." हे मी चार-पाच वेळा तरी सांगितलं असेल.

टाके काढताना जखम चांगली भरलेली होती. डॉक्टरांनी गुडघा वाकवण्याबद्दल बजावलं, आम्ही माना डोलावल्या. दीड महिन्यानं पुन्हा गेलो तेव्हा मॅडमनी गोनिओमीटर लावला. ही कोन मोजायची पट्टी, शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन हात फुटल्यासारखी. गुडघा पासष्ट अंशांवर अडला होता. सरळही पूर्ण होत नव्हता.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "आतून कडक व्हायला लागलाय. तीन आठवडे देतो. नाही वाकला तर भूल देऊन मला तो जोरानं वाकवावा लागेल." याला मॅनिप्युलेशन म्हणतात. ते टाळता आलं तर बरं, असंही डॉक्टर म्हणाले.

शकुंतलानं माझी बाही धरली.

मॅडमनी तिला विचारलं, "काकू, दिवसभर काय काय करता?"

"काय करू देतेत का हे? पाण्याचा तांब्याबी तोंडाला लावतेत."

"आणि गुडघ्याखाली उशी?"

"ती तर रोजच," मी अभिमानानं सांगितलं.

मॅडम माझ्याकडं वळल्या. "काका, उशीवर गुडघा अर्धवट वाकलेला राहतो आणि तसाच आखडतो. आरामासाठी ठेवलेली उशीच नडली. आणि फोनवर तर तुम्ही व्यायाम चालू आहेत म्हणत होता."

"चूक झाली," एवढंच म्हणालो. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं.

दार लागलं आणि थोड्या वेळानं आतून शकुंतलाची किंकाळी आली. मी उठलो. शेजारी भोकरचे एक म्हातारे शेतकरी बसले होते, खुब्याचा सांधा बदललेले. त्यांनी माझा हात धरला.

"बसा. मी बी असाच बोंबललो व्हतो. माझी मालकीण आत घुसून मला घरी घेऊन गेली. दोन महिने वाया गेले. तुमी नका जाऊ."

मी बसलो. आयुष्यात इतकं अवघड काम मी क्वचितच केलं असेल.

परतताना जीपमध्ये शकुंतला हळूच म्हणाली, "तुमी माझ्यासाठी करायलात, ते मला दिसतंय. पण पलंगावर पडून पडून मला वाटायलंय, आता आपला काई उपेग न्हाई."

तेव्हा मला कळलं. इतक्या वर्षांची चूक मी दीड महिन्यात फेडायला निघालो होतो. समाधान माझं होत होतं, गुडघा तिचा आखडत होता.

दुसऱ्या दिवसापासून उशी गेली. दुखण्याची गोळी घेऊन अर्ध्या तासानं व्यायाम, नंतर बर्फाचा शेक. टाच गादीवरून मागं ओढायची, टॉवेल पायाला अडकवून आणखी थोडी. मॅडमनी मला फक्त आकडे मोजायचं काम दिलं होतं. मी भिंतीकडं तोंड करून मोजायचो, कारण तिचा चेहरा बघवत नव्हता. मी घाईनं मोजलं की ती ओरडायची, "नीट मोजा!"

वॉकर घेऊन ती आधी स्वयंपाकघरापर्यंत गेली, मग अंगणात, मग पिठाच्या गिरणीपर्यंत. तिथं बायका म्हणाल्या, "अगं बसून राहा की, कशाला जिवाला त्रास?" शकुंतला म्हणाली, "बसूनच तर बिघडला व्हता."

तीन आठवड्यांनी मॅडमनी पट्टी लावली, पुन्हा लावून खात्री केली. "पंच्याण्णव."

डॉक्टर म्हणाले, "भूल द्यायची गरज नाही. असंच चालू ठेवा." शकुंतलानं डोळ्याला पदर लावला. मी पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेलो आणि कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो.

ज्यांच्या घरी असं ऑपरेशन व्हायचं आहे, त्यांना एवढंच सांगतो. सांधा चालून झिजेल ही भीती मनात असेल तर ती डॉक्टरांसमोर बोलून टाका. आमच्या डॉक्टरांनी नंतर नीट सांगितलं: उड्या मारू नका, मांडी घालून बसू नका, पण चालायला हा सांधा घातलाच आहे. आधी विचारलं असतं तर दीड महिना वाचला असता. आणि सेवा करणाऱ्यांनो, माणूस उठायला लागला की हात पुढं करायच्या आधी जरा थांबा. त्याला मदत लागली तर तो मागेल. आम्हाला वेळेवर रागावणाऱ्या त्या मॅडमचे आणि माझा हात धरणाऱ्या भोकरच्या बाबांचे उपकार मी विसरणार नाही.

डावा गुडघा करायचा बाकी आहे. त्याचे व्यायाम तिनं आत्तापासूनच सुरू केलेत.

मागच्या आठवड्यात ती लातूरला मुलीकडं गेली, एकटी. मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. बसची पायरी उंच होती. माझा हात आपोआप पुढं झाला आणि मी तो खिशात घातला. तिनं दांडी धरली, डावा पाय वर टाकला, मग उजवा, आणि खिडकीशी जाऊन बसली.

"किती दिवस राहणार?" मी खालून विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "वरणाला फोडणी देता येतीच की तुमाला."