बॅनोचं धुराडं, मांडूमार्गे

व्याख्यानाचं आमंत्रण धारचं, विषय माझा आणि गाडी ईशाची. ‘वाळूत गेलेल्या गावाचे दोन खासदार’ हा विषय ऐकूनच ती म्हणाली, "काकू, मी चालवते. पण लौटते हुए मांडू!"

ईशा आमच्या देवासच्या कॉलनीतली. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून आले, ती इथल्या हिंदी शाळेत शिकली. महिन्यापूर्वी आमच्या मराठी मंडळाने तिचा सभासदत्वाचा अर्ज परत केला. नियम असा की अर्ज कार्यकारिणीसमोर बसून, शुद्ध मराठीत, स्वतःच्या हाताने लिहायचा. तिला जमलं नाही. सभासद नाही, म्हणून वार्षिक सभेत मत नाही. गणपतीत खुर्च्या लावायला मात्र दरवर्षी तीच. हा नियम पूर्वी मीच टेबलावर मूठ आपटून मंजूर करून घेतला होता. हे तिला माहीत नव्हतं.

सकाळी सहाला निघालो. इंदूर बाहेरच्या रस्त्याने टाळा, नाहीतर तासभर तिथेच जातो. आम्ही वाटेत पोहे-जिलेबीसाठी थांबलो; दोघींचं शंभराच्या आत भागलं. पोहेवाल्याने इंदुरी सवयीने "भिया (म्हणजे भाऊ), सेव और डालूँ?" असं मलाच विचारलं आणि ईशाला हसू आवरेना. पुढे धारपर्यंत दोन्ही बाजूंना श्रावणातलं सोयाबीन, इतकं हिरवं की भाषणाची टिपणं काढायचं राहूनच गेलं.

धारला सभागृह अर्धं भरलं होतं. मी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बॅनोची गोष्ट सांगितली. कधीकाळी ते गजबजलेलं बंदर होतं. समुद्राने वाळू आणून टाकली, घरं गाडली गेली, माणसं निघून गेली. उरलं एक पडकं चर्च आणि, म्हणतात, एक धुराडं. पण डब्लिनच्या संसदेत बॅनोच्या दोन जागा तशाच राहिल्या! निवडणूक त्या धुराड्यापाशी व्हायची, असं तिथले लोक सांगत. जमीनदाराच्या मर्जीतले मूठभर लोक जमायचे आणि तो सांगेल ते दोघे निवडून यायचे. ती संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली तेव्हा कुठे बॅनोच्या जागा गेल्या, आणि भरपाई मिळाली ती जमीनदाराला.

"आमच्या देवासला गाव एक आणि राजे दोन होते," मी म्हणाले, "बॅनोला गाव शून्य आणि खासदार दोन!" सभागृह हसलं. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "पण बाई, हे चालू कसं दिलं?"

"सगळं नियमाप्रमाणे होतं ना," मी ठणकावून सांगितलं. शब्द तोंडातून गेला आणि मंडळातला अर्जाचा नियम आठवला. पाणी प्यायले.

दुपारी नालछ्यावरून मांडू. रस्ता चांगला आहे, घाटात मात्र ढग खाली उतरतात, दिवे लावून चालवा. प्रत्येक वास्तूचं तिकीट वेगळं, सुट्टे जवळ ठेवा. मक्याचे पानिये, पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले, आणि तुपाची डाळ: हे न खाता परत येऊ नका. जहाज महालापाशी मांडूची चिंच विकणारी बाई बसली होती. गोरखचिंचेची ती फळं नारळाएवढी असतात. भोवतालचे पडके महाल पाहून मी उसासा टाकला, "कैसा उजाड शहर है!"

"उजाड?" बाई उसळली. "और हम क्या भूत हैं? चार पीढ़ी से यहीं हैं. वोट भी डालते हैं."

ईशा पोट धरून हसली. घाट उतरताना म्हणाली, "काकू, बॅनोत लोक नव्हते, तरी सीट होती. आपल्याकडे लोक आहेत, लिस्टमध्ये नाहीत. मंडळात वोटर कितने हैं?"

"चौदा. त्यातले तीन पुण्याला."

"मग धुराडंच झालं ना! हा रूल बनवला कोणी?"

हजारोंच्या सभेत न अडखळणारी मी इथे अडखळले. "मी," म्हणाले.

तिने गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता उतरवते. तिने हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, मी मराठीच नाहीये बहुतेक."

"हा नियम मीच मोडीत काढते," एवढंच म्हणाले.

वार्षिक सभेत मी त्याच टेबलावर मूठ आपटली, या वेळी उलट बाजूने. भाषेवरचं माझं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही. पण दाराला कुलूप लावून भाषा जपता येत नाही, आत माणसं यावी लागतात, चुकत बोलणारी सुद्धा. अध्यक्ष नाना मिशीत हसले. "बाई, मागचं भाषण जास्त जोरदार होतं हो!" तरी नियम रद्द करण्याचा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

मांडूची चिंच अजून माझ्या फडताळात आहे, फोडवत नाही. धारचे हारतुरे केव्हाच वाळले. ईशाचा अर्ज दुसऱ्या दिवशीच मंजूर झाला आणि सभासद म्हणून तिने पहिला ठराव मांडला: यंदा गणपतीत खुर्च्या कार्यकारिणीने लावाव्यात. मी स्वतः कार्यकारिणीत असूनही अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला. माझी कंबर अजून दुखते आहे.