फळकुट्या आणि आमच्या कपाटाचं दार

फळकूट सापडलं की फळकुट्या आधी ते उलटं करून बघायचा. पुढची बाजू सगळे पुसतात, मागची कुणी पुसत नाही, असं त्याचं म्हणणं. मेक्सिकोचा चित्रकार, पन्नाशीचा. नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून फळकुट्या. अर्थ सांगितला तर खूश झाला.

मी चौथी शिकलेला सुतार. इथे परदेशात, क्लेमेंटीत मुलाकडे राहतो. आमच्या ब्लॉकखाली लोक जुनं फर्निचर टाकतात, तिथे हा एक टेबल कापत होता. करवत अशी धरली होती की मला बघवेना. घेतली नि कापून दिलं. माझं इंग्रजी मोडकं, त्याचंही मोडकं, म्हणून जमलं. बुकित बातोकला त्याचा गाळा होता, तिथे मी रोज जायला लागलो. बायको म्हणायची, "म्हातारपणी बिनपगारी नोकरी धरलीत."

गावाकडे तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चित्रांना कापड परवडेना, म्हणून खोक्यांच्या फळ्या घेतल्या. पुढे देशोदेशी प्रदर्शनं झाली, कापड परवडायला लागलं, तरी फळ्या सुटल्या नाहीत. कोरं कापड मुकं असतं, म्हणायचा.

एकदा त्याला बरं वाटावं म्हणून मी एक दार काचपेपरने घासून गुळगुळीत केलं. त्यावर कुणीतरी पोरांची उंची पेन्सिलीने आखली होती. त्या दिवशी तो जेवला नाही. एवढंच म्हणाला, "अंकल, तुम्ही दोन पोरं पुसलीत."

मग बायको गेली. महिनाभर मी गाळ्यावर गेलो नाही. मुलाने विचारलं, आईचं कपाट काढू का? टाक म्हणालो. दोन दिवसांनी आठवलं, दाराला आतून तिच्या टिकल्या होत्या. झोपताना कपाळावरची काढून तिथे चिकटवायची. खाली गेलो तर कपाट नव्हतं.

दार फळकुट्याच्या गाळ्यात निघालं. टिकल्या जशाच्या तशा, रंगाचा थेंब नाही. कुणाच्या ते मी सांगितलं. त्याने दाराचं एक टोक उचललं. बसमध्ये मावेना, म्हणून दोघांनी ते क्लेमेंटीपर्यंत चालत आणलं. चार ठिकाणी बसलो.

लिफ्टपाशी माझ्या डोक्यात आलं, ठेवणार कुठे? कपाटाच्या जागी नातीचं टेबल आलं होतं. पुढच्या साफसफाईत दार परत खालीच आलं असतं.

"तूच ने," म्हणालो. "फक्त घासू नकोस."

"घासणारे तुम्ही, अंकल," तो म्हणाला.

तांजोंग पगार भागात त्याचं प्रदर्शन भरलं, तिथे ते दार दालनाच्या मधोमध उभं होतं, दोन्हीकडून दिसेल असं. पुढे त्याचं चित्र, मागे टिकल्या. विकायचं नाही, असं लिहिलेलं. चित्र चांगलं असेल. मी मागच्या बाजूलाच उभा होतो.

इथे राहायचा पास संपल्यावर तो दार घेऊन मेक्सिकोला गेला. मी एकही टिकली काढून ठेवली नाही.

आता ब्लॉकखाली कुणाचं कपाट दिसलं की मी आधी दार उघडून आतून बघतो.