दुसऱ्याचा धसका

सुयुन भर रस्त्यात मांडी घालून बसली होती आणि तिच्या हातात तिचीच एक चप्पल होती. चप्पल पायातून हातात कशी आली, हे तिला विचारूनही सांगता आलं नसतं. भाजीबाजाराचा कोपरा, भर सकाळची गर्दी, आणि तरी कसलाच आवाज नाही. फक्त तिच्या आडव्या पडलेल्या स्कूटरचं मागचं चाक फिरत होतं, आणि कोबीचा एक गड्डा उतारानं सावकाश गटाराकडे चालला होता. त्या कोबीला कुणीतरी धरायला हवं, एवढंच तिला वाटत होतं.

मग तिला तो दिसला. तिला धडकलेल्या दुसऱ्या स्कूटरपाशी पडलेला, चाळिशीतला बाप्या. एक गाल डांबरावर टेकलेला, डोळे टक्क उघडे. तो तिच्याकडे बघत होता की तिच्या आरपार, कळेना. पापणी काही लवेना. 'अहो' म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तर आत शब्दच नव्हता. रिकाम्या डब्यात हात घालावा तसं झालं.

माणसं धावली. कुणी पाणी आणलं, कुणी कोबी आणून दिला. कुणी रस्त्यावर पडलेलं जॅकेट झटकून तिच्या खांद्यावर टाकलं. स्कूटरवर सगळेच घालतात तसं दोघांनीही जॅकेट उलटं घातलं होतं, पाठ पुढे आणि चेन मागे उघडी, त्यामुळे आपटल्याबरोबर ते अंगावरून सालासारखं सोलून निघालं होतं. रुग्णवाहिका त्या माणसाला घेऊन गेली. सुयुनच्या कोपराला तेवढं खरचटलं होतं. काकूंचं नशीब थोर, असं म्हणत लोक पुन्हा भाजीला लागले.

गंमत अशी की अख्ख्या दोउलिउ गावाचा धसका उतरवणारी बाई ती. कुत्रं अंगावर आलं, लेकरू पाळण्यातून पडलं, नवरा छपरावरून घसरला, की लोक तिच्या दारात उभे. माणूस दचकला की त्याच्या जिवाचा एक तुकडा तिथंच राहतो. त्याला नावानं हाका मारून घरी आणावं लागतं. सुयुन वाटीभर तांदूळ घ्यायची, त्या माणसाच्या अंगावरचा कपडा त्यावर घट्ट बांधायची, उदबत्तीचा धूर फिरवत पूर्ण नाव घेऊन हाक द्यायची. मग कपडा सोडून तांदळात पडलेले खळगे बघायची. जीव कुठं अडकला होता, ते तांदूळ सांगतात. तिचा आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या गल्लीतला त्याच नावाचा माणूस ओ द्यायचा. सासूनं शिकवताना एकच बजावलं होतं: आपली हाक आपल्याला लागू पडत नाही.

नवऱ्याचं, कुओतुंगचं, घराखालीच स्कूटर दुरुस्तीचं दुकान. त्या दिवशी तो वर आला, डुकराच्या पायाचं कालवण नि शेवया रटरटायला ठेवल्या, आणि अपशकुन धुऊन काढायला पहिला घास हाच, म्हणून वाडगा तिच्यापुढे सरकवला. तिनं खाल्लं. कशाचं खाल्लं, तिला कळलं नाही. तो खाली गेला आणि स्कूटरला नवा आरसा बसवत बसला. बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला हाक मारायची तर 'ए, ऐक' यापुढे गाडी गेली नव्हती.

त्या माणसाची खबर वस्तीप्रमुखानं आणली. ल्याओ मिनते म्हणून कोणी, कालव्यापलीकडचा पपनसाचा बागाईतदार. डावा पाय मोडलाय, जिवंत आहे म्हणे. अपघाताच्या समझोत्याची बैठक होईपर्यंत तुम्ही तिकडे जायचं नाही, त्यांनी इकडे यायचं नाही, आधी जो माफी मागेल त्याच्या गळ्यात चूक पडते, असंही त्यानं दोन्ही घरी बजावलं होतं. सुयुननं मान डोलावली. पण त्या 'म्हणे'वर तिचा विश्वास बसेना. डोळे मिटले की ते दोन डोळे उघडायचे.

कुकरची शिट्टी झाली की ती भिंतीला चिकटायची. चहात मीठ पडायचं. स्कूटरजवळून जाताना ती अंग चोरायची, जणू गाडीच चावेल. हे सगळं चाललं असतं. पण एक दिवस गल्लीतली सून रडकं बाळ घेऊन आली. सुयुननं वाटी भरली, झबलं बांधलं, उदबत्ती लावली, तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं. आवाज नव्हता. हात असा कापायला लागला की तांदूळ फरशीभर झाले. बाळ रडायचं थांबलं आणि तिच्याकडे बघत राहिलं. सूनबाई तांदूळ गोळा करून गेली. आजवर त्या दारातून कुणी रिकामं गेलं नव्हतं.

आवाजच गेला तर सुयुन म्हणजे उरलं काय? वाटी, तांदूळ आणि एक घाबरट बाई.

शेवटी ती पाओचूआजीकडे गेली. मात्सू देवीच्या देवळाच्या मागच्या दारी बसणारी ही म्हातारी तिची जुनी वैरीण. गिऱ्हाईक पळवण्यावरून दोघींत बोलणं बंद होतं. सुयुन पायी गेली, अपघाताच्या दिवशीचं मळकं जॅकेट काखेत घेऊन. आजीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ये गं ये. न्हाव्याचे केस वाढले वाटतं."

सुयुननं ते गिळलं आणि स्टुलावर बसली. आजीनं जॅकेट वाटीवर बांधलं, तिच्याभोवती धूर फिरवला, किनऱ्या आवाजात तिला नावानं बोलावलं. कपडा सोडला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"डावा पाय दुखतो का तुझा?"

"नाही."

"दुखेल. झाडं दिसतायत इथं. बागेत पडलीस?"

"भाजीबाजारात पडले, आजी."

"मग भाजीच असेल," आजी म्हणाली, आणि जॅकेट उशाखाली घेऊन निज म्हणून सांगितलं.

सुयुन परत आली ती चरफडत. म्हातारीची नजर गेली, उगाच हात जोडले. तरी जॅकेट उशाखाली ठेवलंच. फरक शून्य. उलट आता सुपारीचा वास नाकातून जाईना.

तो वास कुओतुंगलाच असह्य झाला. एका सकाळी त्यानं जॅकेट धुवायला उचललं आणि सवयीनं खिसे उलटे केले. सुयुन दात घासत होती. त्यानं टेबलावर आधी आतल्या खिशातली, फांद्या छाटायची छोटी कात्री ठेवली. मग पानात गुंडाळलेल्या सुपाऱ्यांची चुरगळलेली डबी.

"हे कुणाचं?" ती म्हणाली.

"तुझ्या खिशात होतं."

"मी कधी सुपारी खाल्ली?"

"मला वाटलं, सुरू केली असशील," कुओतुंग म्हणाला. "हल्ली तू चहात मीठ घालतेस. मी काय काय विचारू?"

ब्रश तिच्या तोंडातच राहिला. करडं जॅकेट, छातीवर शेतकरी संघाचा शिक्का. संघानं नव्या वर्षाला सभासदांच्या घरोघर वाटलेलं. दोउलिउत दर तिसऱ्या अंगावर हेच. रस्त्यावर दोन जॅकेटं पडली होती. कुणीतरी एक उचलून तिच्या खांद्यावर टाकलं.

तिनं ब्रश काढून ठेवला. म्हणजे डावा पाय. म्हणजे झाडं. म्हातारी आंधळी नव्हती. त्या माणसाच्या कपड्याला सुयुनच्या नावानं हाका मारल्या होत्या, आणि त्याचा धसका बिचारा भलत्याच घरी येऊन तिच्या उशाखाली पडून होता. आणि तिचं स्वतःचं जॅकेट? ते कुठं होतं? फेकलं असेल तर? देव न करो, जाळलं असेल तर? मग तिला कशावर बोलावणार?

कुओतुंगनं वस्तीप्रमुखाची आठवण करून दिली. बैठक व्हायचीय; आता गेलीस तर चूक कबूल केल्यासारखं होईल.

"होऊ दे," ती म्हणाली. "बैठकीत मला आवाज कोण देणार, वस्तीप्रमुख?"

स्कूटर दारात उभी होती, आरसा लखलखीत. तिनं सीटवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. कुओतुंगनं भेट म्हणून न्यायची सफरचंदांची पेटी सीटवर बांधली, किल्ली खिशात टाकली आणि स्कूटर हातानं ढकलायला लागला. ती दुसऱ्या बाजूनं चालत राहिली. कालव्याच्या पुलावर पोरं हसली, पेट्रोल संपलं का काका म्हणाली. काका म्हणाले, हो.

ल्याओंच्या अंगणात पपनसांचे ढीग होते, आणि दोरीवर, उन्हात, सुयुनचं जॅकेट. मिनतेची बायको छायफेंग ते काढत होती, या दोघांना ओळखून थबकली. चेहरा दगडासारखा. बैठकीआधी आलात, ती म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? पण सुयुननं हातातलं जॅकेट आणि कात्री पुढे केली. छायफेंगनं कात्री ओळखली. दोरीवरच्या जॅकेटकडे पाहिलं. आणि तिचा हात आपसूक तोंडावर गेला.

ती मटकन पायरीवर बसली आणि बोलतच सुटली. तिनंही ते जॅकेट देवळामागच्या म्हातारीकडे नेलं होतं. म्हातारी म्हणाली, तुझ्या नवऱ्याच्या घशात शंभर लोकांची नावं अडकलीत, याचा धंदा काय? मी म्हटलं पपनसं. ती म्हणाली, मग पपनसांना नावं ठेवत असेल. कित्येक दिवस झाले, हा माणूस एक शब्द बोललेला नाही, काकू. आधी विचारायचा, ती बाई कुठाय, तिचं काय झालं. आम्ही म्हणायचो, तिचं नाव घरात काढू नकोस. बैठक होईस्तोवर. मग त्यानं विचारणंच सोडलं.

सुयुनच्या मनात आलं: नाव कुणाचं काढत नाहीत घरात? गेलेल्या माणसाचं.

मिनते आत खिडकीशी खुर्चीत होता, प्लास्टरचा पाय स्टुलावर. त्यानं मान वळवली. तेच डोळे. पण या वेळी पापणी लवली. एकदा, मग पुन्हा. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तुम्ही..." घोगरा, गंजलेला आवाज. "तुम्ही गेला नाहीत ना?"

"कुठं?"

"तुम्ही चप्पल घेऊन बसला होतात. डोळे उघडे. हलत नव्हतात. मला वाटलं, मी म्हातारीला मारलं."

"म्हातारी कोण?" सुयुन म्हणाली. तिच्या तोंडून ते आपोआप गेलं, आणि तिलाच त्याचा धक्का बसला. मग हळू म्हणाली, "मला वाटलं, मी तुला मारलं."

छायफेंग दारात रडायला लागली. कुओतुंग सफरचंदांची पेटी धरून, ती कुठं ठेवावी या विवंचनेत उभा होता.

सुयुननं तांदूळ मागितले. मिनतेचं जॅकेट वाटीवर बांधलं, उदबत्ती पेटवली. तिनं तोंड उघडलं आणि पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा खरखर. मिनते लहान पोरासारखा तिच्या ओठांकडे बघत होता.

"ल्याओ मिनते, घरी ये."

खणखणीत नव्हती हाक. भेग पडलेल्या भांड्यासारखी होती. पण अंगणातला कुत्रा उठून उभा राहिला.

परतताना भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर ती थांबली. तिचं जॅकेट तिच्या हातात होतं, धुतलेलं, तरी तिचंच. ते तिनं नवऱ्यापुढे धरलं. इथंच राहिलाय माझा जीव, ती म्हणाली, आणि मला स्वतःला बोलावता येत नाही.

कुओतुंगनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोबीवाली, मासळीवाला, वस्तीप्रमुखाचा मेहुणा, सगळे ओळखीचे. त्याचे कान लाल झाले.

"ए, ऐक," तो म्हणाला.

"असं नाही. पूर्ण."

त्यानं स्कूटर स्टँडला लावली. जॅकेट छातीशी धरलं, घसा खाकरला, चपलांकडे बघत काहीतरी पुटपुटला. कोबीवाली म्हणाली, काही ऐकू आलं नाही बुवा. तेव्हा त्यानं मान वर केली.

"त्सेंग सुयुन, घरी चल."

बाजार क्षणभर गप्प झाला, त्या सकाळी झाला होता तसाच. सुयुनच्या अंगावर शहारा आला. तिनं जॅकेट घेतलं, उलटं घातलं, पाठ पुढे. मग स्कूटरवर मागे बसली. आधी एक पाय, बऱ्याच वेळानं दुसरा. कुओतुंगनं किल्ली फिरवली, आणि इंजिनच्या आवाजासरशी तिनं त्याचा शर्ट दोन्ही मुठींत असा आवळला की वरचं बटण तुटून पडलं. कोपरा ओलांडेपर्यंत तिचे डोळे मिटलेले होते. कोपरा गेल्यावरही होते. पण ती बसली होती.