मोरपंखी साडी आणि खामगावचा बस्ता

१. रविवारी आईने मेहकरच्या घरी बसून माझ्या फोनवर स्वतःसाठी साडी निवडली. मोरपंखी, काठ लाल.
२. गुरुवारी ती घरपोच आली.
३. शनिवारी माझ्या लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही खामगावला गेलो.
४. दुकानातल्या माणसाने आईकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता तिच्यापुढे फिकट साड्यांचा गठ्ठा ठेवला.
५. आईने त्यातली एक घेतली.
६. तेव्हा तिथे चौदा माणसं होती. कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

आता प्रवास.

आमच्याकडे लग्न ठरलं की ‘बस्ता’ असतो. दोन्ही घरची माणसं एका दुकानात एकत्र बसतात आणि शालूपासून मानपानाच्या टोप्यांपर्यंत सगळं एकदम घेतात. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. बस्ता टाळून सगळं ऑनलाइन मागवू, असा माझा प्रस्ताव होता. नावं, मापं, रंग, सगळ्याचा तक्ता तयार होता. तो दोन्ही घरांनी नाकारला. त्यातली फक्त आईची साडी मी मागवू शकले.

मेहकरहून खामगावची एसटी सकाळी सात-सव्वासातला मिळते. जानेफळमार्गे साधारण दोन तास लागतात. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी भरलेली असते. पंधरा मिनिटं आधी या. घाट उतरल्यावर स्वेटर काढावा लागतो. खामगावात शिरताना जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग होती. स्टँडबाहेर आलुबोंडा आणि चहा घ्या, कारण बस्त्यात जेवणाची वेळ कोणी पाळत नाही.

मोरपंखी साडी आईच्या पिशवीत होती. विहीणबाईंना दाखवायची म्हणून तिने स्वतःच सोबत घेतली होती.

प्रसाद, म्हणजे माझा होणारा नवरा, आणि त्याच्या घरचे धामणगाव बढ्याहून गाडी करून आधीच पोचले होते. सगळे चपला काढून गादीवर बसले. पहिल्या तासातच मला मान्य करावं लागलं की माझा तक्ता अपुरा होता. मी ‘डाळिंबी’ लिहिलेला शालू दुकानाच्या दिव्यात डाळिंबी होता. दुकानातल्या माणसाने तो उचलून मला दारात उन्हात नेलं. तिथे तो विटकरी निघाला. फोटोवरून हे कळलं नसतं. पदराचं वजनही हातात घेतल्यावरच कळतं.

प्रसादच्या आत्याने माझी फिरकी घेतलीच.

“मोबाइलवर साडी घेते म्हने तू. हात कायले लावते मंग, काचेले?”

“नाही आवडली तर परत करता येते, आत्या.”

“हाव का? मंग नवरदेवाचंही इचारून ठेव!”

सगळे हसले. प्रसादही. आई सगळ्यात जास्त हसली.

मग मानपानाच्या साड्या सुरू झाल्या. दुकानातला माणूस चपळ होता. बाई पाहायचा, मागे वळायचा, गठ्ठा काढायचा. प्रसादच्या आईला हिरव्या, आत्याला जांभळ्या. आईपाशी आला तेव्हा त्याची नजर तिच्या कपाळावर गेली, मग गळ्यावर, मग मागच्या कपाटाकडे.

“माईसाठी सोबरमधल्या काढ रे,” तो आत ओरडला.

बिस्किटी, राखाडी, फिकट गुलाबी.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि तेव्हापासून याच रंगांत जाते. मला वाटायचं, तिला हे रंग आवडतात. हा माझ्या आयुष्यातला सर्वात जुना न तपासलेला अंदाज निघाला. रविवारी फोनवर मी तिला रंगांची यादी दाखवली होती. मी विचारायच्या आत तिने मोरपंखीवर बोट ठेवलं होतं. घरात आम्ही दोघीच होतो.

दुकानात तिने बिस्किटी साडी उचलली. “हे बरी आहे,” म्हणाली. प्रसादच्या आई गठ्ठ्याकडे पाहत राहिल्या. प्रसादने फोन काढला. पिशवी माझ्या गुडघ्याला लागून होती, चेनही अर्धी उघडी होती. मी ती उघडली नाही.

परतीच्या गाडीत जानेफळ येईपर्यंत आई खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, “ते परत करता येते ना व?”

“काऊन? आवडली नाही?”

“आवडली. म्हनूनच इचारून राह्यली. आपल्या घरात ठीक आहे ते. मांडवात लोकं पायतीन.”

घरी आल्यावर तिने ती साडी पुन्हा पाकिटात घातली, घडी न मोडता. सध्या ती कपाटावर आहे. बिस्किटी साडी खाली, हाताशी.

दुकानात जावं की ऑनलाइन घ्यावं, असं मला बरेच वाचक विचारतात. शालू दुकानातच घ्या, उन्हात पाहून. एवढंच खात्रीने सांगू शकते.

हे लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. तिने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. बाकीचं राहू दे म्हणाली.

प्रसाद, तू हा ब्लॉग वाचतोस. फोनवर विचारू शकले असते, पण जे झालं ते सगळ्यांसमोर झालं. मी तिथे गप्प बसले, ती माझी चूक. आता विचारते. मोरपंखी साडी नेसून आई मांडवात माझ्या शेजारी उभी राहील. तुमच्या घरातून कोणी तिला मागे व्हायला सांगितलं, तर तू काय करशील?

साडी परत पाठवायची मुदत रविवारी संपते. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर दे.