तीनशे वीस किलो आणि चौथा पाय

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळचे दहा. मत्स्यपेटीच्या वजनाची बेरीज तीनशे वीस किलो: पाणी दोनशे पंचवीस, काच पन्नास, वाळू-दगड पस्तीस, फिल्टर-झाकण वगैरे दहा. हजर माणसं तीन: आमचे शेजारी लोहमान, माझे सासरे आणि मी. मासे सकाळपासून कपडे धुवायच्या दोन टबांमध्ये होते.

मी जर्मनीत वोल्फ्सबुर्गजवळच्या एका लहान कंपनीत फिक्स्चर डिझाइन करते. फिक्स्चर म्हणजे वेल्डिंग होत असताना गाडीचा पत्रा जागच्या जागी धरून ठेवणारा सांगाडा. बावीस वर्षं हेच काम आहे. त्यामुळे एक मत्स्यपेटी धरून ठेवणारा स्टँड माझ्या दृष्टीने अवघड नव्हता.

लोहमान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे. पेटी त्यांच्या बायकोची. ती चार वर्षांपूर्वी गेली, तिचे मासे राहिले. पेटीखालचं भुशाच्या फळ्यांचं कपाट पाणी झिरपून फुगलं होतं. हाउसमायस्टरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाने ते पाहिलं आणि पत्र आलं: दोन आठवड्यांत मजबूत आधार द्या, नाहीतर पेटी हलवा. खालच्या मजल्यावर लोक राहतात, त्यामुळे पत्रात काही चूक नव्हती. लोहमाननी निमूटपणे शोभेच्या मासेवाल्याला मासे घेऊन जायला शनिवारी चारची वेळ देऊन टाकली. मला जिन्यात म्हणाले, "तो मोठा मासा बारा वर्षांचा आहे. दुकानात त्याला कोण घेणार?"

मी म्हणाले, "चारच्या आत स्टँड उभा असेल."

ड्रॉइंग केलं. चाळीस बाय चाळीसचा चौकोनी पाइप, तीन मिलिमीटर जाड, एकूण दहा मीटर. पायांखाली आठ मिलिमीटरच्या पट्ट्या. प्रत्येक पायावर ऐंशी किलो येणार, आणि असा पाय त्याच्या कितीतरी पट झेलतो. सासरे तीन महिन्यांसाठी आले होते. भोसरीत एकतीस वर्षं फिटर होते. त्यांनी चष्मा लावून ड्रॉइंग पाहिलं.

"पायाला बोल्ट नाही दिलास, वैशाली?"

"गरज नाही बाबा. पाइप जाड आहे."

"बरं," म्हणाले आणि चष्मा काढला.

शुक्रवारी काम संपल्यावर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग केलं. आमचा माइस्टर, म्हणजे वर्कशॉपचा प्रमुख, स्टँडभोवती एक चक्कर मारून आला.

"हत्ती ठेवणार आहेस का?"

"नाही, मासे."

"मग मासे पडणार नाहीत."

सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घेण्यासाठी घासून अगदी सपाट केलेल्या लोखंडी टेबलावर, स्टँड ठेवून पाहिला. चारही पायांखाली कागदसुद्धा जाईना. समाधानाने घरी आले.

शनिवारी तो लोहमानांच्या खोलीत ठेवला आणि कोपऱ्यावर हात टेकला. खट्. दुसऱ्या कोपऱ्यावर टेकला. खट्. चौथा पाय हवेत होता. फट मोजली, पाच मिलिमीटर.

माझा ताठ स्टँड सपाट होता, जमीन सपाट नव्हती. जुनं कपाट मऊ होतं, ते जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपोआप बसलं होतं. माझा सांगाडा वाकणारा नव्हता. असा आधार तिरपा बसला, की पीळ काचेत जातो. काच वाकत नाही. आज तडकली नाही तर तीन आठवड्यांनी तडकते, आणि तेव्हा घरात कोणी नसतं.

"पुठ्ठा घालूया का?" मी विचारलं. प्रश्न चुकीचा आहे हे मला विचारतानाच कळलं.

"ओला झाला की दबेल," बाबा म्हणाले. "सरफेस प्लेटवर सगळेच हुशार असतात गं." ते बोल्टबद्दल बोलतील म्हणून मी थांबले. ते वाकून फट बघायला लागले.

लोहमान माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "मासेवाल्याला तसंच येऊ देऊ का?"

"अजून नाही."

उपाय सरळ होता. पायांखालच्या पट्ट्यांना भोक, त्यात आटे, आटे म्हणजे बोल्टसाठी आतून पाडलेल्या मळसूत्री खाचा, आणि खाली फिरवून वर-खाली होणारे पाय, म्हणजे बाबा विचारत होते तेच बोल्ट. बाउमार्क्टला, म्हणजे हत्यारं-सामानाच्या मोठ्या दुकानात, जाऊन बारा मिलिमीटरच्या बोल्टचे चार पाय, ड्रिलचं पातं आणि आटे पाडायचा टॅप घेऊन आले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. ड्रिल मशीन लोहमानांच्या तळघरात होतं. पण इमारतीच्या नियमांप्रमाणे एक ते तीन आवाज बंद.

बाबांना सांगितलं. "एकला बंद? मग हे पुणेच म्हणायचं."

जुन्या गालिच्यावर स्टँड उलटा केला. मी भोकं पाडली, बाबांनी तेल सोडलं. चौथं भोक आरपार गेलं तेव्हा बारा सत्तावन्न झाले होते. आटे हाताने पाडायचे असतात, त्याला आवाज नाही. ते बाबांनी केलं. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, चुरा पुसायचा, पुन्हा पुढे. मी घाई करायला लागले तर टॅप माझ्या हातात देईनात. "मोडला की आत अडकेल. मग चार वाजतील."

पाय बसवून स्टँड सुलटा केला. आता चारही पाय एका पातळीत आणायचे. माझी पाणसळ तीस सेंटिमीटरची, पाय एकमेकांपासून सव्वा मीटर लांब. बाबांनी टबाकडे पाहिलं. पेटीतलं पाणी उपसायची पारदर्शक नळी तिथे पडली होती. त्यांनी ती पाण्याने भरली, बुडबुडे झटकले, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं समोरच्या पायाला लावलं. नळीत पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबतं. आपले गवंडी असंच करतात.

लोहमान खुर्चीतून उठले. "श्लाउखवागे! गेनाऊ!" म्हणजे नळीची पाणसळ, अगदी बरोबर. ते फरश्या बसवायचं काम करायचे, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या हातातलं टोक काढून घेतलं. त्यानंतर माझं काम भाषांतराचं.

"विचार त्याला," बाबा म्हणाले, "फरशीवाल्याच्या घरात जमीन तिरकी कशी?"

मी विचारलं. लोहमान लाल झाले. "ही फरशी नाही! हे लॅमिनाट आहे! हे मी घातलेलं नाही!"

बाबांना लॅमिनाट एवढाच शब्द कळला आणि ते पोट धरून हसले. दोघांनी नळीची टोकं धरून चारही पायांवर खुणा केल्या. मी पान्याने पाय फिरवले आणि नट आवळले. पेटी चढवली, पाच सेंटिमीटर पाणी भरलं आणि चारही कोपऱ्यांत पट्टी लावली. पन्नास, पन्नास, पन्नास, पन्नास. कोपऱ्यावर हात टेकला. खट् झालं नाही.

तीन पंचवीसला लोहमाननी फोन लावला. "नाही, येऊ नका. नाही, विकायचे नाहीत." फोन ठेवून ते पेटीत उरलेलं पाणी भरायला लागले.

मला त्यातून कळलं ते एवढंच: वजनाचा हिशेब मी दोनदा केला होता. जमिनीला एकदाही विचारलं नव्हतं. आता माझ्या ऑफिसच्या चेकलिस्टमध्ये पहिली ओळ आहे: "खाली काय आहे?" माइस्टर हसतो, पण टिक करतो.

सामानाचे एकशे एकतीस युरो चाळीस सेंट लोहमाननी पावत्या पाहून मला रोख दिले. मजुरीचे पन्नास त्यांनी बाबांपुढे धरले, बाबांनी हात मागे घेतला. मग ते तळघरात गेले आणि लाकडी मुठीची, ऐंशी सेंटिमीटरची जुनी पाणसळ घेऊन आले.

"वासरवागे," ते म्हणाले.

"पाणसळ," बाबा म्हणाले.

मजुरी म्हणून ती बाबांनी घेतली. परतीच्या सामानात तिचं वजन नऊशे ग्रॅम भरलं.